शब्द कोशात गेला, पण धंद्याचे काय?

कापसाचा हंगाम सुरू झाला की वर्तमानपत्रांच्या बाजारभावाच्या पानावर रुईचा दर येतो, तो खंडीचा. शेतकरी कापूस विकतो क्विंटलने, जिनिंगवाला रुई विकतो खंडीने आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो. मेट्रिक मापे देशात येऊन साठ वर्षे उलटली तरी हा आकडा जागचा हललेला नाही. तो इतका अडनिडा का, याचे उत्तर जुन्या इंग्रजी तराजूत आहे. ३५६ किलो म्हणजे ७८४ पौंड आणि ७८४ पौंड म्हणजे बरोबर सात ‘हंड्रेडवेट’. नाव शंभराचे आणि वजन ११२ पौंडांचे, असा तो इंग्रजी हिशेब. १४ पौंडांचा एक ‘स्टोन’, असे आठ स्टोन मिळून एक हंड्रेडवेट. गंमत अशी की, माप इंग्रजी असले तरी त्याला चिकटलेले नाव इथले आहे. मराठीत खंडी, दक्षिणेत कंडि. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याची ‘कँडी’ केली, १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशाने ती नोंदवली आणि आजही कापसाच्या इंग्रजी बाजार-अहवालात भाव ‘पर कँडी’ असाच येतो.

ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आपला एखादा शब्द गेला की इकडे मोठी बातमी होते. जणू त्या शब्दाला परदेशात कायमचे घर मिळाले. पण माल आणि कारागिरी यांच्याशी जोडलेल्या जुन्या इंग्रजी शब्दांचा इतिहास चाळला, तर हा आनंद बराचसा फोल ठरतो. कोशात शब्द जाण्याला फारशी किंमत नाही. तो ज्या हातांच्या कामातून निघाला ते हात अजून त्या कामावर आहेत की नाहीत, हे पाहावे लागते.

इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यात वर्स्टेड नावाचे खेडे आहे. आजही ते खेडेच आहे. चर्च मात्र एखाद्या शहराला शोभेल असे. चौदाव्या शतकात लोकरीच्या पैशावर ते उभे राहिले. लांब तंतूंची लोकर फणीने विंचरायची, तिला घट्ट पीळ द्यायचा आणि त्या सुताचे गुळगुळीत कापड विणायचे, ही त्या भागाची खासियत. कापडाला गावाचे नाव मिळाले. पुढे धंदा जवळच्या नॉर्विच शहराने आपल्याकडे ओढला, तिथून तो यॉर्कशरमध्ये गेला आणि एकोणिसाव्या शतकात ब्रॅडफर्ड हे शहर ‘वर्स्टेडोपोलिस’ म्हणून मिरवू लागले. त्यानंतर हा शब्द ठाण्याला आला. रेमंडच्या गिरणीतले सुटाचे कापड ‘वर्स्टेड’ म्हणूनच विकले गेले आणि मराठी घरांतल्या कितीतरी नवरदेवांनी ते अंगावर घातले. आता ठाण्यातली ती गिरणी नाही, तिच्या जागेवर टॉवर उभे राहिलेत. शब्दाने एवढा प्रवास केला, पण ज्या खेड्याने त्याला जन्म दिला तिथले माग केव्हाच थांबले आणि नावाच्या कीर्तीने त्यांना थांबण्यापासून वाचवले नाही.

यंत्रे येण्याआधीच्या इंग्लंडमध्ये कापड हाच मुख्य माल होता. राजाच्या अधिकारांना वेसण घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये रंगीत कापडाचा पन्हा किती असावा याचेही कलम आहे: काठापासून काठापर्यंत दोन ‘एल’. सरदारांना राजाशी तलवारी खेळवताना पन्ह्याचीही चिंता होती, यावरून त्या धंद्याचे वजन कळावे. पन्ह्याचे माप घेऊन शिक्का मारणारा सरकारी मापारी म्हणजे ‘ऑल्नेजर’. हे पद सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकले.

मापारी लागण्याचे कारण कारागिरांच्या कामातच होते. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ आणि तेलकट असे. ते आटवून दाट करण्यासाठी कुंडात शिळे मूत्र घालत आणि त्यात उभे राहून कापड पायांनी तुडवत. मूत्रातल्या अमोनियाने लोकरीचे तेल सुटे. उग्र वासाचे, पाय सोलवटणारे हे काम करणारा उत्तर इंग्लंडमध्ये ‘वॉकर’, नैर्ऋत्येला ‘टकर’ आणि आग्नेयेला ‘फुलर’. आज ही तिन्ही चांगली खानदानी आडनावे आहेत. तुडवून झालेले ओले कापड लाकडी चौकटीवर चढवत, काठांत आकडे रुतवत आणि ताणून वाळवत. चौकट म्हणजे ‘टेंटर’, आकडे म्हणजे ‘टेंटरहुक’. ताणता ताणता जरा जास्तच ताणले की दोन-चार हात कापड फुकट वाढे. गिऱ्हाइकाने धुतले की ते पुन्हा आखडे. ही चलाखी पकडायलाच मापारी नेमलेला होता.

आज इंग्रजीत कुणी ‘टेंटरहुकवर आहे’ म्हटले, तर त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, एवढाच अर्थ. आकडा कसला आणि चौकट कसली, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते. पण इचलकरंजी किंवा भिवंडीच्या एखाद्या प्रोसेस हाऊसमध्ये डोकावावे. रंगवलेले ओले कापड दोन्ही काठांनी धरून, ताणून, गरम हवेतून पुढे नेणारे लांबलचक यंत्र तिथे चालू असते. त्याचे नाव ‘स्टेंटर’, त्या जुन्या टेंटरचा भाऊबंद. त्यावर उभा असलेला कामगार इंग्रजी म्हणी बोलत नसेल, पण काठ निसटला की काय होते हे त्याला पक्के माहीत असते.

इंग्रजीच्या दुकानात परगावचा मालही बराच. कॉर्डोव्हाचे कातडे वापरून जोडे शिवणारा तो ‘कॉर्डवेनर’, मिलानहून आलेली रिबने-टोप्या विकणारा ‘मिलिनर’, दमास्कसचे ‘डमास्क’, मोसुलवरून ‘मस्लिन’. ही यादी हवी तेवढी लांबवता येईल आणि शब्दव्युत्पत्तीच्या हौशी पुस्तकांत ती लांबवलेलीही असते. पण तिथे बहुधा एवढेच सांगतात, की पाहा, इंग्रजी किती उदार, किती भाषांतून तिने घेतले! नावे घेतल्यानंतर मालाचे काय केले, हे विचारायचे राहून जाते.

कॅलिकोचे उदाहरण घ्यावे. कालिकत बंदरावरून नाव पडलेले हे सुती कापड आणि त्याचेच छापील, रंगीत भावंड म्हणजे ‘चिंट्झ’. आपल्याकडे चीट म्हणतात तेच. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कापडाने इंग्लंडला वेड लावले. धुतले तरी रंग जात नाही, अंगाला हलके लागते आणि लोकरीपेक्षा कितीतरी झकपक दिसते. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस याने १६६३ साली बायकोची खोली सजवायला चीट विकत घेतल्याची नोंद केलेली आहे. लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, तशी पार्लमेंट हलली. १७०० साली हिंदुस्थान, इराण, चीन इथल्या छापील कापडाच्या वापराला बंदी आली. व्यापाऱ्यांनी पळवाट काढली: कोरे कापड आणायचे आणि छपाई लंडनमध्ये करायची. १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले. चीट नेसलेली बाई दिसली की तिच्या अंगावर शाई किंवा तेजाब फेकायचे, झगा फाडायचा, असा धुमाकूळ त्यांनी घातला. सरकारने दंगेखोरांना पकडले आणि त्यांची मागणीही मान्य केली. १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालणे हाच गुन्हा ठरला.

विणकरांची बाजू अगदीच खोटी होती असे नव्हे. भुकेपोटी केलेले दंगे होते ते. पण पुढे जे घडले ते पाहावे. पन्नासएक वर्षांत लँकशरमध्ये सूत कातायची यंत्रे आली आणि निव्वळ सुती कापड घरच्या घरी बनू लागले. लगेच १७७४ मध्ये कायदा बदलला. ब्रिटनमध्ये बनलेले सुती कापड वापरायला मोकळीक मिळाली. ओळख पटावी म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे विणायचे, एवढीच अट. म्हणजे आक्षेप कापडाला नव्हताच, ते कुणी विणले याला होता. नाव मात्र कॅलिकोच राहिले. कालिकत बंदराचे नाव लावून मँचेस्टरचे कापड जगभर गेले, खुद्द हिंदुस्थानातही आले. आजच्या ब्रिटनमध्ये ‘कॅलिको’ म्हणजे कोरे, जाडेभरडे कापड, तर अमेरिकेत स्वस्त छापील कापड. मूळचा माल कसा होता याच्याशी दोहोंचा संबंध उरलेला नाही.

चिंट्झचे तर त्याहून वाईट झाले. यंत्रावर छापलेल्या स्वस्त चिटांनी बाजार भरला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ‘चिंट्झी’ म्हणजे भडक, हलक्या प्रतीचे, असा अर्थ रूढ झाला. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर हाताने कलम धरून नक्षी काढणाऱ्यांच्या वंशजांना, त्यांच्या पूर्वजांच्या मालाचे नाव इंग्रजीत आता तुच्छतेने घेतले जाते, हे कळले तर त्यांना काय वाटेल? नक्कल केली एकाने आणि बदनाम झाले अस्सलाचे नाव.

मुंबईचा वाटाही या व्यवहारात आहे. डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड गोऱ्या खलाशांनी उचलले. सतराव्या शतकापासून इंग्रजीत ते ‘डंगरी’ म्हणून येते. पुढे कापडाचे नाव कपड्याला लागले: कामगाराची जाड विजार, छातीपर्यंत येणारा पट्टा. आज दादरच्या दुकानात आई लेकीसाठी डंगरी मागते तेव्हा ती एक इंग्रजी वस्तू मागत असते. पाच स्टेशनांपलीकडच्या डोंगरीचे नाव तीनशे-साडेतीनशे वर्षांचा फेरा करून तिच्या तोंडात आले आहे, याचा तिला पत्ता नसतो. अर्थात पत्ता नसल्याने तिचे काहीच अडत नाही. डोंगरीत ते कापड विकणाऱ्यांचे मात्र अडले असणार.

आता दुसरी बाजू. इंग्लंडच्या जुन्या धंद्यांतले काही शब्द तिकडे नुसते वाक्प्रचार होऊन बसले आहेत. इकडे मात्र अजून घाम गाळतात.

‘गार्बल्ड’ हा शब्द इंग्रजी वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. फोनवर आवाज तुटक आला, निरोप विस्कटला, की तो गार्बल्ड. मुळात मात्र तो मसाल्याच्या वखारीतला शब्द. अरबीत चाळण्याला ‘घरबला’, त्यावरून इटलीच्या व्यापाऱ्यांमार्फत तो लंडनला पोचला. मिरी, आले, लवंग यांतला कचरा चाळून काढायचा, मगच माल विकायचा. त्यासाठी लंडन शहरात ‘गार्बलर’ हा अधिकारीच असे. चाळून चांगले वेचणे या अर्थाचा शब्द, सोयीचे तेवढे वेचून बाकीचे गाळणे आणि म्हणून मजकुराचा विपर्यास करणे, असा घसरत घसरत आजच्या अर्थाला आला. लंडनच्या वखारी गेल्या, गार्बलर गेला. पण कोचीच्या मिरी बाजाराचे भाव काढून पाहावेत: एक भाव ‘गार्बल्ड’चा, एक ‘अनगार्बल्ड’चा. ‘एमजी-१’ या प्रतीतला एम मलबारचा आणि जी गार्बल्डचा. चाळलेली, निवडलेली मिरी ती गार्बल्ड, तिला भाव जास्त. मध्ययुगीन इंग्रजी आपल्या जुन्या, चोख अर्थाने जिवंत ऐकायची असेल, तर ऑक्सफर्डपेक्षा कोचीची वखार बरी.

‘शॉडी’चेही तसेच. हलके, ओबडधोबड काम म्हणजे शॉडी, हे शाळेतले इंग्रजी. हा शब्द जन्माला आला तेव्हा त्यात शिवी नव्हती. यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने जुनी लोकरी चिंधी फाडून, पिंजून, तिचे पुन्हा सूत काढायची रीत बसवली. चिंध्यांच्या चिंध्या करणाऱ्या दातेरी यंत्राला कामगार ‘डेव्हिल’ म्हणत. त्या पुनर्जन्म घेतलेल्या लोकरीचे नाव शॉडी. गरिबाला परवडेल असे ऊबदार कापड त्यातून मिळाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कंत्राटदारांनी सैन्याला असल्या कापडाचे गणवेश खपवले, ते अंगावरच विरले आणि शब्दाला डाग लागला तो कायमचा. बॅटलीचा धंदाही यथावकाश बसला. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. जगातल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला मात्र शॉडी आठवते. युरोप-अमेरिकेने टाकलेले स्वेटर आणि कोट पानिपतला येतात, रंगांप्रमाणे वेगळे होतात, बटणे आणि चेन कापून काढल्या जातात, मग यंत्रात पिंजून त्यांचे सूत आणि सुताची ब्लँकेटे होतात. तिथले कारखानदार स्वतःला शॉडी उद्योगातले म्हणवतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आणि का वाटावा? पर्यावरणाच्या गप्पा मारणारे ज्याला आज पुनर्वापर म्हणतात, ते हे लोक रोज करतात.

महाराष्ट्रातही असे शब्द आहेत. यवतमाळ-अकोल्याकडे कापूस ‘जिनिंग’ला जातो; त्यातला ‘जिन’ म्हणजे ‘इंजिन’ या शब्दाचे जुने, तुटके रूप. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवाढीची बातमी येते तेव्हा दर लिहिलेला असतो ‘५२ पिकास’ इतके पैसे. हे पीक शेतातले नव्हे. धोटा एकदा ताण्यातून आरपार गेला, बाण्याचा एक धागा पडला, की तो एक ‘पिक’. एका इंचात असे किती धागे, त्यावर कापडाची वीण ठरते. पिक जास्त तर मीटर भरायला वेळ जास्त, म्हणून मजुरी जास्त. इंग्लंडच्या हातमागावरून निघालेला हा शब्द इचलकरंजीत कामगाराच्या पगाराचे माप आहे. पिक कळत नाही त्याला आपली मजुरी बरोबर मिळाली की नाही, हेही कळणार नाही.

म्हणूनच ‘शब्द काय, येतात नि जातात’ ही बेफिकिरी परवडणारी नाही. धंद्याचा शब्द म्हणजे दर, माप, दर्जा आणि तक्रार यांची भाषा असते. ती गेली की कारागिराला भांडता येत नाही.

आणि ती जाताना दिसते आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी काढायचे ठरवले, १८५६ मध्ये ती सुरू झाली आणि लँकशरच्या यंत्रांबरोबर तिथली शब्दावळ कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांच्या तोंडात आली. त्यांनी ती जशीच्या तशी घेतली नाही. भरलेल्या बॉबिनी उतरवणारा ‘डॉफर’ राहिला, पण लूम झाला ‘साचा’ आणि विणकर झाला ‘साचेवाला’. ‘जॉबर’चे तर रूपांतरच झाले. लंडनच्या शेअरबाजारात १९८६ पर्यंत जॉबर म्हणजे समभागांचा व्यापारी असे. गिरणगावात तो नोकरीला लावणारा, बदली देणारा, प्रसंगी उधारीला जामीन राहणारा सर्वशक्तिमान माणूस. इचलकरंजीत तोच जॉबर बिघडलेला माग दुरुस्त करतो. एकाच शब्दाचे तीन धंदे. हे तपशील मराठीच्या कोणत्याही नित्याच्या कोशात सापडत नाहीत. परिभाषा कोश कचेरीत बसून होतात, त्यांत इंग्रजी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द मिळतो आणि खात्यातला माणूस तो कधीच वापरत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा जो साचेवाला पंचविशीत होता, तो आता सत्तरीच्या घरात आहे. त्याच्या आधीच्या पिढीतले फार थोडे उरले आहेत. इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत जुने यंत्रमाग भंगारात जाऊन धोट्याविना चालणारे माग येत आहेत. तिथले वहिफणीवाले, कांडीवाले, जॉबर यांची बोली यंत्राबरोबरच बदलणार. ताण्याचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवणाऱ्या माणसाला ज्या वीस-पंचवीस बारीक गोष्टींची नावे ठाऊक असतात, ती त्याच्या मुलाला ठाऊक नसतील, कारण मुलगा त्या कामात येणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानिमित्ताने जुन्या पोथ्या आणि शिलालेखांवर काम होईल, ते व्हायलाच हवे. पण त्यातला थोडा पैसा आणि थोडी माणसे गिरण्यांच्या चाळींकडे आणि माग चालणाऱ्या गल्ल्यांकडे वळवावीत. भाषा संचालनालयाने पुढाकार घ्यावा, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि वस्त्रोद्योगाच्या महाविद्यालयांनी विद्यार्थी पाठवावेत. यंत्राच्या प्रत्येक भागाचे छायाचित्र, त्याचे कामगाराने उच्चारलेले नाव आणि तो भाग काय करतो याचे त्याच्याच शब्दांतले वर्णन, एवढे ध्वनिमुद्रित केले तरी पुरे. त्यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही, मोबाइल आणि थोडी चिकाटी लागते. सांगणाऱ्या कामगाराला त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी आणि कोशात त्याचे नाव छापावे.